खात्रीने सांगा

कवळ्या बनवणाऱ्याला माणसं चांगली ओळखता येत असतील, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. त्याच्याकडे माणूस येतच नाही, माणसाच्या तोंडाचा साचा येतो. त्या पांढऱ्या प्लास्टरकडे बघून काय काय बिघडू शकतं याचा अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. घास चावताना मागचा दात उचलला गेला तर? हिरडीला टोचलं तर? म्हातारा शिंकला आणि कवळी ताटात पडली तर?

हे सगळे प्रश्न तो आधीच विचारून ठेवायचा, म्हणून त्याच्या हातची कवळी सहसा परत येत नसे. तो ज्या दातांच्या लॅबमध्ये काम करायचा, तिच्या मालकाला असाच माणूस हवा होता. हाच माणूस संध्याकाळी घरी गेल्यावरही हेच काम चालू ठेवतो, याच्याशी मालकाला काही देणंघेणं नव्हतं.

त्याची बायको टॉवर क्रेन चालवायची.

लॅब तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तिच्या खिडकीतून दोन रस्ते पलीकडे चाललेलं मोठं बांधकाम दिसायचं. एक इमारत उभी राहिली की दुसरी सुरू, असं ते वर्षानुवर्षं चालू होतं. लग्नाच्या आधी ती त्याच कामावरून वडिलांची तुटलेली कवळी रुमालात बांधून थेट लॅबमध्ये आली होती. डॉक्टरांमार्फत या, असं तिला सांगितलं गेलं. "डॉक्टर गावाला गेलेत. ते येईपर्यंत बाबांनी हवा खायची का?" ती म्हणाली. "जोडायला किती वेळ लागतो ते सांगा. मी उभी राहते." ती उभी राहिली, त्याने कवळी जोडली. जाताना तिने खिडकीतून बोट दाखवलं. "ती क्रेन दिसतेय? तिच्या मानेपाशी काचेची पेटी आहे बघा. तिथे बसते मी."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. खाली. रस्ता ओलांडताना."

लग्नानंतर पहिली काही वर्षं लॅबमध्ये येईल त्याला तो खिडकीशी नेऊन सांगायचा, "ती बघा, आमची मंडळी." साचे घेऊन येणारा पोऱ्याही त्या कौतुकातून सुटला नव्हता.

मग एका संध्याकाळी तिला यायला उशीर झाला. एवढंच. कुठे अपघात झाला नव्हता, कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तेवढ्या वेळात त्याने तिला शिडीवरून पाडलं, दवाखान्यात नेलं, तिच्या वडिलांना फोनवर काय सांगायचं ते वाक्यही मनात जुळवून ठेवलं. ती भाजीची पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला खरा, पण त्या दिवसापासून भीतीला घराची वाट कळली ती कळलीच.

वर चढताना फोन खाली पेटीत ठेवायचा, हा कामावरचा नियम. त्यामुळे दिवसभर तिला विचारायची सोय नव्हती. त्याची ही तगमग बघून तिनेच तोड काढली. दुपारी डबा खाऊन झाला की ती केबिनच्या कठड्याला पिवळा टॉवेल अडकवायची. टॉवेल दिसला की समजायचं, बाई जेवली, बरी आहे. लॅबमध्ये मेणात दात बसवणाऱ्या, सगळ्यांच्याच काकू असलेल्या बाई होत्या. त्या म्हणायच्या, "शंकासुरा, झेंडा फडकला बरं का. आता तूही दोन घास खा."

औषध लागू पडलं, असं त्या दोघांनाही वाटलं. पण दुपारचा टॉवेल दिसल्यावर संध्याकाळपर्यंतचे तास उरायचेच. मग सकाळी वर पोचल्यावर एकदा लावायचं ठरलं. मग उतरण्याआधी एकदा. मग कधीतरी वाटलं म्हणून मध्येच एकदा. ती लावत गेली. सुरुवातीला हौसेने, मग सवयीने, मग वाद नको म्हणून.

आणि भीती काही क्रेनवरच बसून राहिली नाही. ती जिना उतरून घरात आली. बायको गप्प असली तर ती चिडलेली आहे. बोलली तर काहीतरी झाकायला बोलते आहे. माहेरी बहिणीशी फोनवर हसली तर माझ्यावरच हसली असेल.

"काय झालंय?" तो विचारायचा.

"काही नाही. दमलेय."

"नक्की?"

"नक्की."

"मग आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"असाच. मागच्या वेळी तू असंच 'काही नाही' म्हणालीस आणि नंतर दोन दिवस बोलली नाहीस."

"अरे, तेव्हा माझा घसा बसला होता!"

मग ती खरंच चिडायची, आणि त्याला बरं वाटायचं. बघ, मी म्हणालोच होतो. तिची मोठी बहीण एकदा त्याच्यासमोरच म्हणाली होती, "भावोजी, वैरीसुद्धा जे चिंतणार नाही ते तुम्ही रोज चिंतता. तेही बसल्या जागी, पंख्याखाली." तो हसला होता. आणि पुढचा आठवडाभर, ताईंच्या मनात आपल्याबद्दल नेमकं काय आहे, हे बायकोला विचारत राहिला होता.

टॉवेलचा निकाल मुकादमाने लावला. हा मुकादम म्हणजे पिकल्या मिशांचा, तोंडाचा फाटका, पण तिच्यावर लेकीसारखी माया करणारा माणूस. खाली हूकला माल बांधणाऱ्याने एकदा टॉवेल फडकलेला पाहिला आणि वरून 'थांब' म्हणताहेत असं समजून तो मधेच थांबला. गजांची मोळी अर्ध्यावर तशीच लटकत राहिली. कुणाला काही झालं नाही. पण मुकादमाने तिला खाली बोलावून विचारलं, "बाई, वर काय धुणं वाळत घालतेस का?"

त्या संध्याकाळी तिने घरी येऊन सांगितलं, "टॉवेल बंद."

"का? मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. खाली माणसं असतात. त्यांच्या डोक्यावर माल असतो." ती चपला काढून भिंतीला टेकून बसली. "आणि एक सांगू? टॉवेल बघून तुझी भीती कमी नाही होत. मी तिला खायला घालतेय आणि ती माजतेय."

जेवताना एकदाच म्हणाला, "म्हणजे मी तुला जड झालोय." ती उठून गेली. हाच होकार, असं त्याने मानलं.

काही दिवस त्याने कळ काढली. खिडकीकडे पाठ करून बसायचा. काकूंनी जागा बदलून दिली. आणि याच दिवसांत घरात एक आनंदाची गोष्ट आली. पलीकडच्या मोकळ्या भूखंडावर नवा मनोरा उभा राहणार होता, आणि त्यासाठी येणारी क्रेन आजवरच्या सगळ्या क्रेनपेक्षा मोठी होती. ती तिला मिळणार होती. नुसती क्रेन नाही, तिथल्या सगळ्या चालकांची प्रमुख म्हणून. वरचे साहेब येऊन बोलणार होते, मुकादमाने तिचं नाव लावून धरलं होतं.

सांगताना ती लहान मुलीसारखी दोन्ही हात हलवत होती. "माझ्या हाताखाली चार जण असतील, माहितेय? चारही पुरुष. एकाला तर मीच शिकवलंय."

"सगळ्यांपेक्षा मोठी म्हणजे केवढी?" त्याने विचारलं.

तिचे हात खाली आले. "आधी अभिनंदन तरी म्हण."

"अभिनंदन. नाही, खरंच. मी फक्त विचारलं."

साहेब यायचे त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. दुपारी चहाच्या वेळी त्याने न राहवून मान वळवली, आणि त्याच्या हातातला मेण कापायचा चाकू खाली पडला. क्रेनचा लांब हात हळूहळू फिरत होता. हूक वर ओढलेला, माल नाही, कुठे जायचंय असं काही नाही. वारा नेईल तिकडे तो हात चालला होता. कठड्यावर टॉवेल आता लागतच नव्हता. काचेच्या पेटीत माणूस आहे की नाही, ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

हे ज्ञान तिनेच त्याला दिलेलं. काम बंद करून चालक उतरला की हाताचा ब्रेक मोकळा करायचा, म्हणजे वाऱ्याशी झुंज न देता तो वाऱ्याबरोबर फिरतो. वारं फार वाढलं तर दिवसाढवळ्याही काम थांबवतात, हेही तिनेच सांगितलं होतं. पण भेदरलेल्या माणसाला ज्ञानाचा अर्धाच भाग आठवतो, आणि तोही नेमका नको तो. कामाच्या वेळी हात मोकळा आहे, म्हणजे धरणारं कुणी नाही. म्हणजे ती आत पडली आहे.

"काकू, ती बेशुद्ध आहे," तो म्हणाला.

"अरे, वारं किती आहे बघ. उतरली असेल—"

पण तो जिन्यावर होता.

बांधकामाच्या फाटकाशी रखवालदाराने अडवलं. त्याला ढकलून तो आत शिरला. आत मुकादम आणि सुरक्षा अधिकारी कामगारांना पत्रे बांधून घ्यायला लावत होते. अधिकारी म्हणजे इस्त्रीच्या शर्टातला तरुण, नवीन आलेला, नियम पाठ असलेला माणूस. त्याला बघून हा ओरडला, "वर माणूस पाठवा! माझी बायको वर पडलीय!"

"अहो, कोण पडलंय? थांबा, नीट सांगा," अधिकारी म्हणाला.

नीट सांगायला वेळ नव्हता. हे लोक हलत नव्हते. ते हलावेत म्हणून काय बोललं पाहिजे, ते त्याच्या तोंडात आपोआप आलं. इतक्या दिवसांत मनात इतक्यांदा घोकून झालेलं, की ते खोटं आहे हेही त्याला जाणवलं नाही.

"तिला चक्कर येते! बऱ्याच दिवसांपासून येते. परवासुद्धा आली होती. सांगत नाही ती कुणाला!"

मुकादमाने त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्याच्या मागे. मागच्या पत्र्याच्या ऑफिसचं दार उघडं होतं. दारात ती उभी होती, हेल्मेट काखेत धरून. तिच्या मागे दोन साहेब, हातात चहाचे पेले. वारं वाढल्यावर तिला उतरवून घेतलं होतं आणि बोलणी लवकर उरकून घ्यायला बसवलं होतं.

पत्रे तेवढे वाजत होते.

"मी... मला वाटलं," तो म्हणाला. "नाही, नाही येत तिला चक्कर. मी घाबरून बोललो."

"आत्ता तर तुम्ही म्हणालात, परवा आली होती," अधिकारी म्हणाला.

"ते उगीच."

"परवा हा शब्द उगीच येतो का हो?"

मुकादम मधे पडला. "साहेब, नवरा आहे. बायको दिसली नाही, पाचावर धारण बसली बिचाऱ्याची. सोडा."

"नवरा आहे म्हणूनच सोडता येत नाही. घरातल्याला नाही माहीत तर कुणाला?" अधिकाऱ्याचा आवाज चढलेला नव्हता. तो मनाने वाईटही नव्हता. "चालकाला चक्कर येते, हे माझ्या कानावर आलं. उद्या काही झालं तर मी काय सांगू? तपासणी होईपर्यंत यांना वर जाता येणार नाही."

साहेबांपैकी एकाने पेला खाली ठेवला आणि घड्याळ बघितलं.

तपासण्या झाल्या. कान, डोळे, हृदय, रक्त. डॉक्टरांनी शेरा दिला की बाई ठणठणीत आहे. तेवढ्या दिवसांत त्याने घरात भांडी घासली, कपडे वाळत घातले, हजारदा माफी मागितली. ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची. शेवटी मुकादम एका सकाळी स्वतः घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने सांगितलं की अजून दार बंद झालेलं नाही. डॉक्टरांचं ठीक आहे, पण अधिकारी अडून बसलाय. नवऱ्याने समोर येऊन, ते खोटं होतं आणि हिला कधीच चक्कर आलेली नाही, एवढं सरळ सांगावं. मग तो सही करेल आणि नवी क्रेन हिचीच.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मी सांगतो की."

"सांग बाबा," मुकादम म्हणाला. "पण सरळ सांग. तुझ्या त्या जर-तरच्या गाड्या जोडू नकोस."

मुकादम गेल्यावर ती त्याच्या समोर बसली. तपासण्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मला दुसरं काही नको तुझ्याकडून," ती म्हणाली. "माफी नको, भांडी नको. एवढं एक दे."

वाटेत तो वाक्य घोकत होता. पत्र्याच्या ऑफिसात टेबलाच्या पलीकडे अधिकारी, खिडकीशी मुकादम, आणि त्याच्या शेजारी ती. त्याने सुरुवात चांगली केली. "त्या दिवशी मी खोटं बोललो. घाबरून बोललो. तिची काही चूक नाही."

"ठीक आहे," अधिकारी म्हणाला, आणि तो खरंच सैलावला. त्यालाही हे मिटवायचं होतं. "मग एकच विचारतो. तुमच्या पत्नीला कधी चक्कर आलेली नाही, हे तुम्ही खात्रीने सांगता?"

हो म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि त्याच क्षणी त्याला मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ आठवली. ती तापाने फणफणलेली असताना उठली होती आणि तिने दाराची चौकट धरली होती. ते तापाने. पण समजा तापाने नसलं तर? समजा आपण आज हो म्हणालो आणि उद्या ती नव्या क्रेनच्या शिडीवर असताना... मग तो 'हो' कुणाच्या डोक्यावर?

"माझ्यासमोर तरी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे एकदा ताप होता, तेव्हा तिने दाराला धरलं होतं. पण तो ताप होता. ती चक्कर म्हणता येणार नाही."

"चक्कर म्हणता येणार नाही. बरं. मग खात्रीने नाही म्हणता?"

मुकादम खिडकीशी पुटपुटला, "म्हण रे, हो म्हण."

"खात्रीने..." आयुष्यात एकही गोष्ट त्याने खात्रीने सांगितली नव्हती. "खात्रीने कसं सांगणार, साहेब? माणसाच्या तब्येतीचं काय सांगता येतं?"

मुकादमाने कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याने समोरचा कागद हळूच बाजूला सरकवला. ती उठली, तिने दोघांनाही "येते" म्हटलं, आणि बाहेर गेली.

रस्त्यावर तो तिच्या मागे मागे चालत राहिला. "मी खोटं कसं बोलू? तूच म्हणतेस ना, खोटं बोलू नये."

ती थांबली. "माझ्याविरुद्ध बोलायचं होतं तेव्हा बोललास की," ती म्हणाली. "तेव्हा कुठे अडलं नाही." आणि सिग्नल पडल्यावर, दोन्हीकडे नीट बघून, तिने रस्ता ओलांडला.

नवी क्रेन तिने ज्याला शिकवलं होतं त्याला मिळाली. जुनीही गेली. तिला खाली उभं केलं, हातात वायरलेस देऊन. डावीकडे घे, अजून, थांब, सोड. वर बसलेला तिला "मॅडम" म्हणायचा आणि ओशाळा व्हायचा. ती रोज वेळेवर घरी यायची. जेवण, भांडी, अंथरूण, सगळं जिथल्या तिथे. काय झालंय म्हटलं की "काही नाही", आणि आता त्या उत्तरात खरंच काही नसे, राग नाही, थकवा नाही, विचारणाऱ्याला धरायला एक टोकही नाही.

आणि त्याचं? सांगायला लाज वाटावी, पण त्याचं बरं चाललं होतं. खिडकीसमोरची जुनी जागा त्याने परत घेतली. डबा संपू लागला. "अंग धरलंस रे," काकू म्हणाल्या, यावेळी न हसता. बायको जमिनीवर होती. दोन्ही पाय जमिनीवर. भीती मेली नव्हती, पण तिला वर टांगायला काही उरलं नव्हतं. तिची मनःस्थिती बरी नाही हे त्याला दिसत होतं, आणि हळूहळू होईल ठीक, असंही वाटत होतं. जन्मभर वाईट तेच चिंतणाऱ्या माणसाने एकदाच काय ते चांगलं चिंतलं, आणि तेही चुकीच्या जागी.

एका रविवारी दुपारी जेवून तो जरा पाठ टेकायला म्हणून आडवा झाला. दुपारी झोपणं त्याला कधी जमलं नव्हतं. कुशी बदलत, कान टवकारत पडायचा. जागा झाला तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती आणि उशीवर त्याची लाळ गळली होती. समोरच्या खुर्चीवर ती बसली होती. अंगात बाहेर जायचे कपडे. बाजूच्या तिपाईवर चहाचे दोन कप, दोन्ही भरलेले, दोन्ही गार.

"केवढा गाढ झोपला होतास," ती म्हणाली. "घोरत होतास."

"हो ना." तो डोळे चोळत हसला. "कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती."

"माहितेय. मी खाली उतरल्यापासून लागते."

त्याचं हसू तसंच अर्धवट राहिलं. नाही म्हणावं असं त्याला वाटलं. पण ती किती वेळ बसून बघत होती कोण जाणे, आणि उशी ओली होती.

"मी बंदरावर चाललेय," ती म्हणाली. "तिथे मालाच्या क्रेनवर चालक हवे होते. त्यांनी त्यांच्या तपासण्या केल्या, चालवून बघितली, घेतलं. राहायची सोय तिथेच आहे." तिचा आवाज शांत होता, वायरलेसवर बोलावं तसा. "तिथे नवऱ्याला विचारत नाहीत. मी आधी तेवढं विचारून घेतलं."

"म्हणजे... किती दिवस?"

"परत यायचं म्हणून नाही चाललेय."

खुर्चीमागे तिची बॅग होती. ती त्याला आत्ता दिसली. तो उठून बसला, पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर. त्याने थांब म्हणावं, रडावं, निदान भांडावं म्हणून ती वाट बघत होती की नाही, हे सांगता येत नाही. पण ती लगेच उठली नाही एवढं खरं. खाली गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"उंची किती आहे तिथल्या क्रेनची?" त्याने विचारलं.

ती उठली. मग तिने दोन्ही कप मोरीत ओतले, विसळून पालथे घातले, आणि बॅगेची चेन लावली.